चित्रांपुढची घडीची खुर्ची

उघडायचं, मिटायचं, काखोटीला लागायचं आणि पुन्हा उघडायचं. मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे आणि एका जागी स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही.

माझे पाय शिसवी लाकडाचे आहेत आणि बैठक जाड कॅनव्हासची. दिल्लीच्या कीर्तिनगरमधल्या एका सुताराने मला घडवलं. मयूर विहारात राहणाऱ्या अण्णासाहेबांनी मला मुद्दाम करून घेतलं, ते त्यांच्या बायकोसाठी. कुमुदकाकूंना चित्रं आणि मूर्ती पाहण्याचं भारी वेड होतं, पण त्यांचे गुडघे दुखायचे.

“आता बसून बघत जा,” अण्णासाहेब म्हणाले. “फक्त मला बरोबर ओढू नकोस.”

तेव्हापासून शनिवार माझा झाला. काकूंच्या खांद्याला लटकून मी मेट्रोने संग्रहालयात जायचे. दारावरच्या शिपायाला काकू आपले गुडघे दाखवायच्या, तो हसून आम्हाला आत सोडायचा. काकूंची आवड एका काळात मावणारी नव्हती. हजारो वर्षांपूर्वीची, कमरेवर हात ठेवून उभी असलेली काशाची छोटी नर्तकी त्यांना आवडायची. काळोख्या रात्री रानातून निघालेल्या नायिकेचं एक पहाडी लघुचित्रही आवडायचं. दुसऱ्या एका दालनात बसथांब्यावर ताटकळणाऱ्या बायकांचा जुना कृष्णधवल फोटो होता, त्याच्यापुढे तर त्या हटून बसायच्या. “आंटी, कुर्सी कहाँ से ली?” असं लोक विचारायचे आणि माझा कॅनव्हास अभिमानाने ताणला जायचा.

मग अण्णासाहेब गेले आणि काकूंचं बाहेर पडणं थांबलं. मी बाल्कनीत आले. माझ्यावर कांद्यांची टोपली बसली. ऊन आणि धूळ खाऊन माझा कॅनव्हास एका कडेने विरला. वारा सुटला की माझी बिजागरी कुरकुरायची. मला सारखं वाटायचं, आता कुणीतरी उचलेल. कुणीच उचललं नाही.

एका हिवाळी सकाळी काकूंच्या परभणीच्या मैत्रिणीची मुलगी घरी आली. तिचं नाव द्वारका. नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखतीसाठी ती दिल्लीला आली होती आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरली होती. ती बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा उठली.

“काकू, मी अर्जात छंद म्हणून कलाकृती बघणं लिहिलंय,” ती एकदाची बोलली. “कुणीतरी म्हणालं, चांगलं दिसतं. आता मुलाखतीत विचारणार, तुमची आवडती कलाकृती कोणती? मी तर आजवर एकही नीट बघितली नाही हो. आणि हा माझा शेवटचा प्रयत्न आहे.”

काकूंनी बाल्कनीचं दार उघडलं. मग म्हणाल्या, “अच्छा. चलो, ती कांद्यांखालची खुर्ची काढ.”

मित्रांनो, त्या दिवशी संग्रहालयात मी किती उघडले आणि मिटले म्हणून सांगू! द्वारका कुठेच टिकत नव्हती. नर्तकीपुढे येताच तिने भराभर म्हणून टाकलं,

“कांस्य, मोहेंजोदडो, मेण वितळवून ओतकाम. हे झालं. पुढे?”

“आवडली का तुला?” काकूंनी विचारलं.

“आवडायला वेळ कुठंय, काकू?” असं म्हणत तिने नर्तकीकडे पुन्हा पाहिलं. “खरं सांगू? हिचा मला राग येतो. हिला कुणाचं काही पडलेलंच नाही.”

काकू मोठ्याने हसल्या. “बिल्कुल! हेच सांग त्यांना.”

लघुचित्रापुढे द्वारका माझ्यावर बसली. तिचा पाय सारखा हलत होता, त्यामुळे मीही थरथरत होते. चित्रात वीज चमकत होती, वाटेवर साप होते आणि नायिका मान वळवून मागे पाहत होती.

“ही मागे का बघतेय?”

“तिचं पैंजण पडलंय.”

“मग उचलायचं ना!”

“थांबली तर उशीर होईल. नाही थांबली तर पैंजण जाईल,” काकू म्हणाल्या.

द्वारकाचा पाय थांबला. “बाबा म्हणतात, पुढे जा. आई म्हणते, पुरे झालं, परत ये,” ती हळूच म्हणाली. “काकू, मीपण अशीच मान वाकडी करून चाललेय.”

मुलाखतीपर्यंत ती रोज येत राहिली. बसथांब्याच्या फोटोतल्या एका बाईला तिने नावसुद्धा दिलं. तिचं बोलणं बदललं. सनावळ्या मागे पडल्या आणि “मला वाटतं” पुढे आलं.

मुलाखतीहून ती थेट मयूर विहारात आली. काकू दारातच उभ्या होत्या. “विचारलं?”

“नाही,” द्वारका म्हणाली. “परभणीचा दुष्काळ विचारला, सोयाबीन विचारलं. चित्रांबद्दल एक अक्षर नाही.” दोघी एकमेकींकडे पाहून हसत सुटल्या.

निकालापर्यंत ती दिल्लीतच थांबली. निकाल लागला, त्यात तिचं नाव नव्हतं. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. काकू म्हणाल्या, “आधी जरा बस तरी.”

“नाही बसवत. खुर्ची कुठंय?”

त्या दिवशी नर्तकीपुढे तिने मला उघडलं आणि लगेच मिटलं. नायिकेपुढेही तेच. काकू मागून लंगडत येत होत्या. एका दालनातून दुसऱ्या दालनात आम्ही नुसत्या भिरभिरत होतो. शेवटी ती कापडांच्या दालनात, पूर्वी कधी न पाहिलेल्या एका जुन्या शालीपुढे थांबली. शाल मधोमध फाटलेली होती आणि कुणीतरी ती रफू केली होती. रंग किंचित वेगळा होता, पण वेलबुट्टीची फांदी तुटू दिली नव्हती.

“हे कुणी केलं?”

काकूंनी वाकून पाटी वाचली. “नाव नाही लिहिलेलं.”

द्वारकाने मला उघडलं आणि ती माझ्यावर बसली. तेवढ्यात माझा विरलेला कॅनव्हास टर्रकन फाटला आणि ती जमिनीवर आदळली. शिपाई धावत आला. मी शरमेने मेले. पण ती तिथेच फरशीवर बसून हसायला लागली, हसता हसता रडली आणि रडून झाल्यावर बराच वेळ ती शाल पाहत राहिली.

“काकू,” ती म्हणाली, “आज कुणाला काही सांगायचं नाहीये. तरी ही मला सगळ्यांत जास्त आवडली.”

पुढच्या रविवारी दोघी पानिपतला गेल्या आणि हातमागाचं जाड कापड घेऊन आल्या. काकू म्हणाल्या, “नवीन खुर्ची घे, यार, स्वस्तात मिळते.” द्वारकाने ऐकलं नाही. दाभण घेऊन तिने मला स्वतः शिवलं. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत. आता ती नोएडात नोकरी करते. अजूनही तिला स्वस्थता नाही, बसल्या बसल्या तिचा पाय हलतो आणि परभणीचा फोन आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहते. पण शनिवारी ती येते. एकदा काकू माझ्यावर बसतात, एकदा ती.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. जे आवडेल त्याच्यापुढे थोडं थांबत जा, कुणी विचारणार नसलं तरी. आणि घरातली एखादी वस्तू फाटली, मोडली, तर ती टाकण्याआधी तिला एक टाका घालून पाहा.