माडीवरची खोली

ब्रशचा एक केस पुढच्या दोन दातांच्या फटीत अडकला होता आणि जिभेच्या टोकाने तो चाळवत विनेश मोरीपाशी उभा होता – बांबूचा ब्रश, दांड्यावर इवलंसं पान कोरलेलं, आठवड्याभरातच टक्कल पडायला लागलेलं... लेकीने, जनीने, प्लास्टिकचा ब्रश सोडलाय हे त्याला महिन्यापूर्वी फोनवर कळलं होतं, आणि मग ड्यूटी संपल्यावर पनवेलची चार दुकानं पालथी घालून त्याने स्वतःसाठी तिच्यासारखाच मिळवला होता. काल इथे पोचल्यावर तिने तो पाहिला. "अरे वा, छान आहे," म्हणाली. एखाद्याच्या घरचे नवे पडदे पाहून पाहुण्याने म्हणावं, तसं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दिघीची एसटी दोनला, मग लाँच, मग पलीकडे आगरदांड्याहून पुन्हा एसटी, आणि अंधार पडता पडता अलिबाग. म्हणजे श्रीवर्धनमध्ये सहा तासही उरले नव्हते. कालपासून तो असाच तास मोजत होता, आणि मोजता मोजता ते हातून जात होते हेही त्याला दिसत होतं – पण मोजणं थांबवलं की लगेच ते फोल्डर आठवायचं.

पारदर्शक फोल्डर. शनिवारी सकाळी अलिबागच्या स्टँडवर रचनाने, जनीच्या आईने, ते त्याच्या हातात दिलं होतं. "घाई नाही. पण सोमवारी मला लागेल," एवढंच बोलली. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात तिला नर्सची नोकरी लागली होती. जनीला बरोबर न्यायचं तर पासपोर्टच्या कागदांवर बापाची संमती हवी. कोर्टात दोघं वेगळे झाल्याला दोन वर्षं झाली होती, पण ही एक सही अजून त्याची होती. रचना भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली असती म्हणजे त्यालाही चार शब्द ऐकवता आले असते – की पोर काय पिशवी आहे का, उचलली आणि नेली. पण ती शांत होती, आणि ते शांत राहणं ती त्याच्याबरोबरच्या संसारात शिकली होती. यार्डात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर तो तीन वर्षं डबल पाळ्या मागून घेत होता. लोकांना वाटायचं पैशासाठी. खरं म्हणजे घरी आल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचायचं नाही... वर केबिनमध्ये बसलं की कोणी बोलावं अशी अपेक्षाच नसायची.

म्हणून ही सुट्टी. एका लेखात त्याने वाचलं होतं – छोट्या गावी जा, गाडी घेऊ नका, पायी हिंडा, तिथलं पिकतं ते खा, मोठ्या मॉलमध्ये नको, माणसांच्या छोट्या दुकानांत खरेदी करा, कचरा मागे ठेवू नका. जनी शाळेत असलंच काहीतरी बोलत असते. त्याने तो लेख परीक्षेच्या उत्तरासारखा पाठ केला. गाडी पनवेलला ठेवली. स्टीलच्या दोन बाटल्या घेतल्या. आणि जीवना कोळीवाड्यातल्या गोदूबाईंना, ज्या घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, आठ दिवस आधी फोन करून जेवण सांगून ठेवलं – पापलेट, कोळंबी, ओले बोंबील, सगळं सकाळच्या बोटीचं.

आणि काल दुपारी ताट समोर आल्यावर जनी हळूच म्हणाली, "पप्पा, मी मासे सोडलेत. वर्ष झालं. पण तुम्ही खा ना." सोलकढी आणि भात जेवली. वर गोदूबाईंना म्हणाली, भात फार छान झालाय.

वर्ष झालं. एका वर्षात त्याने तिला निदान पन्नास फोन केले असतील, आणि प्रत्येक फोनवर विचारलं असेल – जेवलीस का? ती म्हणायची, हो. काय जेवलीस, एवढं एकदाही...

"चहा झालाय रं," गोदूबाईंनी हाक मारली. मग तो जवळ आल्यावर आवाज खाली आणून, "पोरीला म्हावरा चालत न्हाय तर आधी सांगाचं व्हतंस. मी काल जिवाला लावून घेतला. आज बिरडं केलंय वालाचं, तिला बोल पोटभर जेव."

"मलाच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

गोदूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप पुढे केला. ह्यांचं बोलणं थेट त्याच्या आईसारखं होतं. आईचं नावही जनीच; ती थळच्या किनाऱ्यावरून पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात मासे विकायला बसायची. मुलीला तिचं नाव द्यायचं हा हट्ट त्याचाच – रचनाला काहीतरी नवं, चटकदार नाव हवं होतं. शाळेत मुलं चिडवतात हे त्याला फार उशिरा समजलं, तेही रचनाकडून.

तुम्ही खा ना. हे 'तुम्ही' कधी आलं? पूर्वी ती 'तू' म्हणायची – पप्पा, तू इकडे ये, पप्पा, तू घोरतोस. मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितलं असेल, मोठ्यांना अहो-जाहो करा, अशी त्याने स्वतःची समजूत काढली होती. पण आईला ती अजून 'तू'च म्हणत होती, हे त्याने परवा फोनवर ऐकलं.

नऊच्या सुमारास दोघं बाजाराकडे चालत निघाले. वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे बुटके गडगे, वर पोफळींची सावली. जनी चालताना आजूबाजूला नीट पाहत होती, मधूनच थांबून फोटो काढत होती, आणि ती बोलावी म्हणून तो सारखा बोलत होता – ही बघ पोफळ, ही बघ जायफळ, ही बघ विहीर – आणि ती "हो", "मस्त", "हो ना" म्हणत होती. बुरडाच्या दुकानात त्याने वेताची टोपली घेतली. पुढे एक बाई पापड-मिरगुंडं विकत होती, तिच्याकडून दोन पिशव्या घेतल्या. शिंप्याकडून जुन्या कापडाच्या शिवलेल्या तीन थैल्या, मग त्या भरायला आमसुलं, फणसपोळी, कोकमाच्या काचेच्या बाटल्या... हातात ओझं वाढलं तसं त्याला बरं वाटायला लागलं, जणू इतक्या वस्तू असलेलं माणूस कुठे जाऊच शकत नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "लागत नसेल ते नको ना घ्यायला. छोट्या दुकानातून घेतलं तरी उगाच घेणं ते उगाचच."

"अगं, तुला होईल. ही टोपली तुझ्या टेबलावर–"

"पण ती मला नेता–" ती थांबली. "छान आहे टोपली," म्हणाली.

मग सुपारीवाल्या दत्तात्रेयांचं दुकान आलं. जुन्या घराच्या ओटीवर सुपारीची पोती, तराजू, आणि मागे खुर्चीत पांढऱ्या मिशांचे, बनियनवर सदरा घातलेले मालक. रोठा सुपारी म्हणजे काय ते त्यांनी जनीला एक कापून दाखवलं – आतून पांढरी, मऊ – आणि मग सहज, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "कुठले तुम्ही? दोन दिवसांसाठी आलात वाटतं?"

विनेशने तोंड उघडलं तेव्हा तो 'हो' म्हणणार होता. खरोखर 'हो'च म्हणणार होता.

"नाही, राहायलाच यायचा विचार आहे," तो म्हणाला. "मी आणि ही. कायमचं. खोली बघतोय."

स्वतःचा आवाज त्याला लांबून ऐकू आला. जनीकडे पाहायचं धाडस झालं नाही. आणि आता थांबायला हवं होतं, हसण्यावारी न्यायला हवं होतं, पण तो पुढेच बोलत सुटला – इथली शाळा कशी आहे, दहावीपर्यंत आहे ना, पाणी रोज येतं का, मी पोर्टात काम करतो पण सोडणार आहे, इथे एखादी छोटी खानावळ... दत्तात्रेयांचा चेहरा उजळला.

"अहो, मग आमचीच माडी रिकामी आहे की! मुलगा पुण्याला गेल्यापासून बंदच. या, बघून तर घ्या."

जिना लाकडी, उभा. प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं की आता ती म्हणेल – पप्पा, काय चाललंय हे? म्हणायला हवं होतं तिने. वर मोठी खोली, भिंतीला हिरवट रंग, एक लोखंडी कॉट, आणि वाडीकडे उघडणारी खिडकी, जिच्यातून झावळ्यांच्या मधून समुद्राची बारीक पट्टी दिसत होती. धुळीचा आणि सुपारीचा वास.

जनी खिडकीशी गेली. दोन्ही हातांनी गज धरून बाहेर पाहिलं. मग वळली आणि खोलीच्या मधोमध येऊन म्हणाली, "काका, पावसाळ्यात ही भिंत गळते का?"

"थोडी ओल धरते. पण गळत नाही हो."

"आणि स्वयंपाक कुठे करायचा?"

त्यांनी मागचा ओटा दाखवला. तिने नळ सोडून पाहिला. परत आली, आणि बोट दाखवत म्हणाली, "पप्पा, तू इकडे झोप, दाराजवळ. तू घोरतोस. मी खिडकीपाशी. माझं टेबल इथे बसेल ना?"

बसेल, तो म्हणाला. किंवा म्हणाला नसेल. मान हलवली असेल. तू. तू इकडे झोप. किती दिवसांनी... त्याला दिसलं – दाराजवळ गादी, खिडकीशी टेबल, टेबलावर ती टोपली, खाली दत्तात्रेयांचा तराजू, सकाळी शाळेची घंटा. काय हरकत आहे? माणसं अशीच तर कुठेतरी राहायला जातात. एक सही करायची नाही, बस. काही करायचंच नाही. आयुष्यभर काही केलं नाही, तर आता एकदाच न करण्याचा फायदा का होऊ नये? तो उजळून तिच्याकडे पाहायला गेला, आणि तिचा चेहरा त्याला दिसला.

ती हसत होती. काळजीपूर्वक. ओठांच्या कडेला जपून धरलेलं हसू, आणि डोळे त्याच्यावर, तो ठीक आहे ना हे तपासणारे.

हा चेहरा मी ओळखतो, विनेशला वाटलं. हा माझा चेहरा आहे. आई शेवटच्या दोन महिन्यांत दवाखान्यातल्या खाटेवरून रोज विचारायची, होडी गेली का रं? होडी विकून सहा वर्षं झाली होती. आणि मी तिच्या उशाशी बसून म्हणायचो – गेली ना, पहाटेच गेली, वारा चांगला हाय आज. कोणती जाळी नेली तेही सांगायचो. खोटं नव्हतं ते. तिच्यासाठी दुसरं काहीच करता येण्यासारखं उरलं नव्हतं, एवढंच. जनी तेव्हा सहा वर्षांची, दवाखान्यातल्या स्टुलावर बसून पाय हलवत हे सगळं ऐकत असायची...

"कधीपासून हवी?" दत्तात्रेय विचारत होते.

विनेश अजून तिच्याकडेच पाहत होता. जनीच म्हणाली, "आम्ही विचार करून कळवतो, काका. खोली खूप छान आहे." आणि त्याच्या हातातली जड थैली स्वतःकडे घेऊन ती आधी जिना उतरली – पाय जपून टाका, म्हणाली, पायरी उंच आहे. पुन्हा तुम्ही.

बाहेर ऊन चढलं होतं. गोदूबाईंकडे जेवायला परतायला अजून वेळ होता. दोघं न ठरवताच किनाऱ्याकडे वळले आणि सुरूच्या झाडांखाली वाळूत बसले. ओहोटी होती. लांबवर ओली, चकाकणारी वाळू आणि तिच्यावर दोन कुत्री. त्या खोलीबद्दल ती आता बोलेल, रागावेल, निदान हसेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. ती चपलांतली वाळू झाडत बसली. त्याच्या लक्षात आलं की ती कधीच बोलणार नाही, रचनाकडेसुद्धा नाही. ती ते त्याच्यासाठी झाकून ठेवेल, आणि तेरा वर्षांच्या मुलीने बापाचं असं काही झाकून ठेवावं यापेक्षा... दोन वर्षांत त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तास मोजायचेही त्याला आठवेनात.

"तिथे," तो म्हणाला. "तिथे समुद्र जवळ आहे का?"

जनीने चटकन वळून पाहिलं. कालपासून त्याने त्या जागेचं नावही काढलं नव्हतं.

"आहे. बसने वीस मिनिटं. पण पाणी खूप गार असतं म्हणे, उन्हाळ्यातपण." मग, "तिसऱ्या मजल्यावर घर आहे. मम्मीने फोटो दाखवले. शाळेला जाड हिरवा स्वेटर आहे, आणि सगळे इतकं भरभर इंग्लिश बोलतात ना, मी त्यांच्या शाळेचा व्हिडिओ तीनदा लावला तरी मला अर्धंच कळलं." ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती, आणि बोलण्यातली ती पाहुण्यासारखी घडी मोडत चालली होती, शब्द एकमेकांवर आदळत होते. "आणि तिथे मला कोणी ओळखत नाही. पप्पा... मला भीती वाटते. खूप. मम्मीला नाही सांगितलं, ती इतकी खूश आहे."

मग नको जाऊस.

तीन शब्द. ते लगेच आले, आयते, जिभेवर येऊन बसले. एवढंच म्हणायचं होतं, प्रेमाने, तिच्या डोक्यावर हात ठेवून – आणि ती कदाचित रडली असती, कदाचित 'बरं' म्हणाली असती, सगळं तिथेच संपलं असतं आणि कोणीही त्याला दोष दिला नसता. कालपासून, दोन वर्षांपासून, तो ज्यासाठी धडपडत होता ते तिने आपणहून त्याच्या हातात ठेवलं होतं. तिला ते माहीतही नव्हतं. ती फक्त बापाला सांगत होती.

तिच्या जाण्याची भीती होतीच, ती कुठे गेली नव्हती. पण तिच्यावर आता दुसरीच भीती चढली होती, त्याहून जवळची – ह्या क्षणी आपण काय बोलून बसू याची. कुत्री ओल्या वाळूवरून लांब धावत गेली. जनी त्याच्याकडे पाहत होती.

"कशाची?" त्याने विचारलं. "कशाची वाटते, सांग."

आणि ती सांगायला लागली, आणि तो ऐकत राहिला, तोंड घट्ट मिटून, ते तीन शब्द अजूनही दातांमागे तसेच धरून... किती वेळ धरता येतील ते त्याला ठाऊक नव्हतं.