सौजन्याचा ओटा

जंगम वेशीची कमान खाली आली तेव्हा दानम्माच्या दातांत एका पोलीसबाईचा अंगठा होता. ती बाई किंचाळत होती, दुसरी दानम्माच्या पाठीत काठी घालत होती, आणि दानम्मा काही केल्या जबडा उघडत नव्हती. जेसीबीनं कमानीच्या माथ्याला पुन्हा एक ढुसणी दिली आणि निजामाच्याही आधीपासून बीडच्या उन्हात उभे असलेले ते काळे चिरे धडाधड रस्त्यावर आले. धूळ एवढी उडाली की मारणाऱ्यालाही दिसेना आणि मार खाणाऱ्यालाही. तेवढ्यात कुणीतरी मागून दानम्माचे केस धरले आणि तिला फरफटत बाजूला नेलं. धूळ बसल्यावर तिनं पाहिलं, तर केस धरणारा तिचा सख्खा दीर मल्लिकार्जुन होता.

"वैनी, तमाशा बास कर," तो म्हणाला. "चोराच्या बायकूनं वेस वाचवायची भाषा करू न्हाई."

आणि भर रस्त्यात त्यानं तिच्या थोबाडीत दिली.

गर्दीतल्या एकानंही त्याचा हात धरला नाही. धरणार तरी कोण? सात वर्षं अख्खी पेठ दानम्माला चोराची बायकोच म्हणत आली होती. तिचा नवरा केदारनाथ वेशीलगतच्या मठाचा कारभार बघायचा. मठ लिंगायतांचा, आणि मठामागं त्यांच्या समाध्यांची जागा. वेस पाडायची, मठ हलवायचा, समाध्या उचलायच्या आणि तिथं मोठा रस्ता अन् दुकानांचं संकुल उभं करायचं, हा घाट तेव्हापासूनचा. घालणारे होते बद्रीआण्णा. वडवणीकडचे मोठे बागाईतदार, बीडात येऊन पुढारी झालेले. शहर सुधारायचं तर जुनं हटवलं पाहिजे, हे त्यांचं भाषण पेठेतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. ठेका मेव्हण्याच्या नावावर होता, ते मात्र भाषणात नसायचं.

केदारनाथ आडवा आला. त्यानं पुरातत्त्वाच्या साहेबांना बोलावून आणलं, वेशीचे फोटो काढायला लावले, कमानीवरची अक्षरं उतरवून घ्यायला लावली. काम अडलं. त्याच दिवसांत त्याचे वडील वारले. त्यांना समाधी दिल्यावर तो रोज संध्याकाळी तिथं दिवा लावायला जायचा. एका संध्याकाळी गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाहतात तर मठातला देवाचा चांदीचा मुखवटाही जाग्यावर नव्हता. मग काय विचारता! केदारनाथ मुखवटा घेऊन पळाला, हे ठरवायला पेठेला चहाचा एक कप पुरला.

दानम्मानं ते कधी मानलं नाही. "पळाला आसंल तर हुडकून आणा, तंगडी मीच मोडते," ती म्हणायची. "आन् मेला आसंल तर कुणी मारला ते सांगा." कुंकू तिनं पुसलं नाही. त्यामुळं सवाष्णींनी तिला बोलावलं नाही आणि विधवांनी जवळ केलं नाही. मठात गेली तर तिची जागा चपलांपाशी. बाई मुळातली तोंडाळ, त्यात हे. भांडून भांडून तिचा आवाज घोगरा झाला होता.

सात वर्षं कागदांत अडकलेलं काम आता सुटलं होतं आणि वेस पडलीच होती. राहिल्या समाध्या. समाजातल्या शहाण्यांनी बद्रीआण्णांशी बसून तोड काढली होती, की ज्यानं त्यानं आपली माणसं उकरून घ्यायची आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला दिलेल्या नव्या जागेत न्यायची, मग जेसीबी फिरवायचा. मल्लिकार्जुन सगळ्यांत पुढं होता. त्याला संकुलात रस्त्याच्या तोंडाचा गाळा कबूल झाला होता. बापाची समाधी पहिली उघडायची, म्हणजे बाकीचे कुरकुरणार नाहीत, असं त्यानंच सुचवलं होतं.

त्या समाधीवर सुबक ओटा होता आणि ओट्याला संगमरवरी पाटी: 'बद्रीनाथ आण्णा यांच्या सौजन्याने'. केदारनाथ नाहीसा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आण्णांनी माणसं, विटा, सिमेंट सगळं पाठवून दिलं होतं. थोरल्यानं तोंड काळं केलं म्हणून देवमाणसाची समाधी उघडी ठेवायची का, असं म्हणून त्यांनी डोळेही पुसले होते. माती एक पावसाळा बसू द्यावी, मगच ओटा बांधावा, अशी समाजाची रीत. मठाचे म्हातारे पुजारी जंगमस्वामी तसं पुटपुटले होते. पण फुकटच्या सिमेंटपुढं रीत कोण विचारतो!

आता आण्णा स्वतः खुर्ची टाकून बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांना काळा चष्मा. बाजूला त्यांचा माणूस सटवा. आण्णा बोलतील तिथं हात उगारायचा, एवढंच त्याचं काम.

"सटवा, पाटी जपून काढ बे," आण्णा म्हणाले. "नव्या जागी लावू."

सटवानं पाटी अलगद काढून बगलेत मारली. माणसांनी पहारी घातल्या, ओटा फुटला, खालची माती निघू लागली. दानम्मा फुटका ओठ पदरानं दाबून कडेला उभी होती. सासरा मायाळू होता. त्याला असं उकरताना तिला बघवत नव्हतं, पण ती हलली नाही.

गुडघाभरही खणलं नसेल आणि फावडं कशावर तरी खणकलं. मजुरानं हातानं माती सारली. काळवंडलेलं नाक दिसलं, मग कपाळ, मग डोळे. मठाच्या देवाचा चांदीचा मुखवटा!

जो गलका उठला तो विचारू नका. कुणी शिव्या देत होतं, कुणी देवापुढं हात जोडत होतं. एका बाईनं दानम्माच्या अंगावर चप्पल भिरकावली. मल्लिकार्जुनचे डोळे लाल झाले.

"बापाच्या उरावर चोरीचा माल पुरला बे त्यानं!" तो ओरडला. "आन् ही सटवी सात वर्सं आमाला शिव्या देती! तुला ठावं व्हतं, वैनी! बोल!"

त्यानं पुन्हा हात उचलला. ह्या वेळी दानम्मानं त्याच्या छातीत दोन्ही हातांनी असा धक्का दिला की तो विटांच्या ढिगावर जाऊन आदळला. आणि तिनं खड्ड्यात उडी टाकली.

"मुखवटा गावला ना? मंग त्यो कुटं हाय?" ती माती उपसत ओरडली. "माल हितं टाकून कुणी पळतंय का? कावून पळंल? अकला गहाण टाकल्यात का समद्यांनी?"

ती हातांनीच उकरत होती. नखं तुटली, बोटं रक्ताळली. मुखवट्याच्या खाली तिच्या हाताला हाड लागलं. मग दुसरं. मग मातीनं भरलेली चांदीची डबी, लिंगाची, जी लिंगायत माणूस जन्मभर गळ्यात घालतो. तिनं ती पदराला पुसली. झाकणावर पोचा होता. तो पोचा तिचाच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भांडणात तिनं तांब्या फेकून मारला होता, तो डबीवर लागला होता. केदारनाथ पुढं कितीतरी दिवस तो पोचा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसायचा.

दानम्मा डबी मुठीत आवळून तिथंच मातीत बसली.

"म्हाताऱ्याचीच हाडं असतील ती," आण्णा खुर्चीतून म्हणाले. "तुमी पुरताच की हितं. भरा पोत्यात, पुढलं उकरा. उन्हं वाढायलीत."

जंगमस्वामी काठी टेकत खड्ड्यात उतरले. त्यांनी वाकून पाहिलं, हातानं चाचपलं. कवटी एका अंगाला कलंडलेली होती आणि मागच्या बाजूनं फुटलेली. पाय सरळ, लांब पसरलेले.

"म्हातारा ह्याच्या खाली हाय, आण्णा," ते सावकाश म्हणाले. "मीच त्याला मांडी घालून बसवलता, डाव्या हातावर लिंग ठेवून. आमचा माणूस मेल्यावर झोपत न्हाई. आमी त्याला बसवतो. ह्यो तर आडवा हाय. आन् लिंग हातावर न्हाई, गळ्यात हाय."

आण्णांनी चष्मा काढला. पेठेतल्या कितीतरी लिंगायतांच्या अंत्ययात्रेला ते गेले होते. मठाच्या दारापर्यंत चालायचं, हार घालायचा, फोटो झाला की गाडीत बसायचं. त्यांच्या घरात माणसं जाळतात. खड्ड्याच्या काठाशी काय करतात ते बघायला ते कधी थांबलेच नाहीत. हाडांत हाडं मिसळून जातील, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि देवाचा मुखवटा घरात ठेवायची छाती न झाल्यानं तोही त्यांनी तिथंच लोटला होता.

दानम्मा उठली. हातात डबी, तोंडावर माती.

"ओट्याखाली हाय माजा माणूस," ती म्हणाली. आवाज घोगराच, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ओटा कुणी बांधला?"

सगळे सटवाच्या बगलेतल्या पाटीकडं बघत होते.

सटवाला ते बघणं सोसलं नाही. पाटी टाकून तो पळाला, ती विटांवर पडून फुटली. दहा पावलं गेला असेल नसेल, लोकांनी त्याला धरून आपटला. पहिली लाथ बरगडीत बसली तशी तो गुरासारखा ओरडायला लागला.

"मी निस्ती माती वढली हो! आण्णानं मारलं, दिवा लावताना, मागून! माजा हात न्हाई लागला त्याला!"

त्यानंतर जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमीच. खुर्ची उडाली. आण्णांच्या बरोबरची माणसं काठ्या घेऊन पुढं आली, त्यांच्या हातातल्या काठ्या त्यांच्याच डोक्यात बसल्या. एकाचा कान लोंबायला लागला. विटांचा पाऊस पडला आणि जेसीबीची काच फोडून लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढला. पोलीस शिट्ट्या मारत राहिले. सकाळी एकट्या बाईला आवरायला आलेले शिपाई आता भिंतीला चिकटून उभे होते.

बद्रीआण्णा गाडीकडं धावले. पण गाडी वेशीपलीकडं होती, आणि मध्ये पडलेला होता वेशीचा ढीग, त्यांनीच सकाळी पाडायला लावलेला. ते त्या चिऱ्यांवर चढले, घसरले, पुन्हा चढले. एक चिरा कलला आणि त्यांचा पाय आत अडकला. दानम्मा पोचली तेव्हा ते हात जोडत होते.

तिच्या हातात पाटीचा तुकडा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या तोंडावर घातला. गाल फाटला, दात बाहेर आले. तिनं पुन्हा घातला. पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झाला. तिला थांबावंसं वाटत नव्हतं. सात वर्षांची प्रत्येक शिवी तिला आठवत होती आणि प्रत्येक शिवीला ती एक घाव घालत होती. शेवटी तुकडाच हातातून निसटला.

मागून मल्लिकार्जुन पहार घेऊन आला. तो लहान पोरासारखा रडत होता.

"सर वैनी. डोस्कंच फोडतो ह्याचं."

दानम्मानं पहार धरली.

"न्हाई. मेला तर उंद्या ह्याला हार घालतील, चौकाला नाव देतील. जित्ता ऱ्हाऊ दे. कोर्टात जाता-येता पेठ थुकंल ह्याच्यावर. मला ते बघायचंय."

मल्लिकार्जुनची पहार गळून पडली. तो वाकला आणि तिच्या पायांना मिठी मारायला गेला. तिनं पाय मागं घेतला.

"माज्या पाया पडू नगं. खड्ड्यात उतर. तुजा भाऊ आडवा हाय."

मल्लिकार्जुन उतरला. जंगमस्वामी सांगतील तसं त्यानं एकेक हाड उचललं, पुसलं. दुकानातून लाकडी खोकं आणलं, त्यात बेलाची पानं आणि विभूती घातली. तोवर जादा पोलीस आले. आण्णांना आणि सटवाला वेगवेगळ्या गाड्यांत घालून नेलं. ह्या भानगडीत वेशीचा उजवा बुरूज तेवढा उभा राहिला. पोलीस साहेबांनी काम थांबवायला सांगितलं, पण कमान पडली ती पडलीच.

पंचनामा झाला. हाडं तपासणीला न्यावी लागतील, साहेब म्हणाले. दानम्मानं नाही म्हटलं नाही, पण मीही येणार म्हणाली. जीपपाशी एका हवालदारानं खोकं तिच्या हातून घेऊन आत मागं, स्टेपनीच्या टायरशेजारी सरकवलं.

"काढ ते," दानम्मा म्हणाली.

"आवं बाई, मागंच ठिवत्यात सामान."

"सामान न्हाई ते. सात वर्सं लोळवलाय त्याला. आता बसून जाईल."

हवालदार साहेबांच्या तोंडाकडं बघायला लागला. जीपमध्ये बाकावर सकाळची ती पोलीसबाई बसली होती, अंगठ्याला फडकं गुंडाळून. तिनं दानम्माकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं. मग काही न बोलता ती बाकावरून उठली, खाली टायरशेजारी जाऊन बसली, आणि आपली जागा तिनं केदारनाथला दिली.