फलकावरची माफी

सोमवार. फलकावर:
कपाट तीन, खालचा कप्पा, निळा पुठ्ठा. यात कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. एक नवरा बायकोला रोज विचारतो, जेवलीस का? दोनशे पानं. रडू येतं. घेऊन जा.

कोल्हापुरात कोपऱ्यावरचा फलक वाचल्याशिवाय माणूस पुढं सरकत नाही. कुणाची निवड झाली, कोण वारलं, कुणाचा पहिला नंबर आला. पेठेतल्या वाचनालयाचा फलक नऊ वर्षं तिथली ग्रंथपाल अफसाना लिहीत होती, आणि ती लिहायची पुस्तकांबद्दल, सिनेमांबद्दल. समोरच्या स्टॉपवरचे रिक्षावाले गिऱ्हाईक येईस्तोवर वाचत बसायचे.

"ताई, तुमचा पिच्चर बघितला की!" करीमभाई रिक्षातूनच ओरडायचे. "मारामारी न्हाय, गाणं न्हाय. म्हातारा निस्ती बायकोची चप्पल शिवतोय. आन् मी येडा रडतोय! घरात इचारत्यात, मिरची लागली काय?"

मंगळवार. निळं पुस्तक वर्षाराणीनं नेलं.

शुक्रवार. वर्षाराणीनं ताटं वाढता वाढता नवऱ्याला विचारलं, "सहा वर्षं झाली. एकदा तरी विचारलंत, मी जेवले का?"

एवढंच. नवरा जेवत राहिला. सासरा ताटावरून उठला. सासरा म्हणजे गुंडूतात्या, वाचनालयाच्या कमिटीतले सगळ्यात जुने.

शनिवार सकाळ. कमिटी.

"पुस्तकानं घर फुटाय लागलंय!"

"घर कुठं फुटलं, तात्या? प्रश्न इचारला तिनं," अफसाना म्हणाली.

"तेच की!"

अध्यक्ष राजवर्धन यांनी कडक इस्त्रीची बाही सारखी केली. "अफसानाताई, वाद नको. फलकावर माफी लिहा, तुमच्याच अक्षरात. इथनं पुढं प्रेमाबिमाचं बंद. स्पर्धा परीक्षेचं काय ते सुचवा. जमत नसंल तर किल्ली ठेवा."

ती खडू घेऊन बाहेर आली. मागोमाग कमिटी.

वाचकांची माफी मागते की

पुसलं.

निळ्या पुस्तकामुळे कुणाचं मन दुखावलं असल्यास

कुणाचं? सहा वर्षं कुणाचं? हे तिनं लिहिलं नाही. पुसलं. मग एका दमात:

निळं पुस्तक बाहेर गेलं आहे. तोवर हे घ्या. कपाट पाच, वरून दुसरा कप्पा. पन्नाशीतली बाई सायकल शिकते. नवरा मागून कॅरियर धरून पळतो. गल्ली हसते. तो सोडत नाही.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि सगळं पुसून टाकलं. तिनं पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. पुन्हा टॉवेल.

"पुसा, तात्या, पुसा," करीमभाई म्हणाले. "माझं पाठ झालंय. कपाट पाच, वरनं दुसरा!" स्टॉपवर हशा पिकला.

"किल्ली," राजवर्धन म्हणाले.

अफसानानं किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यात वर्षाराणी आली. सासऱ्याला बघून थबकली, पदर सारखा केला आणि सरळ फलकापाशी आली. अर्धवट पुसलेलं वाचलं.

"मला हे पायजे. सायकलचं."

"एका कार्डावर एकच," राजवर्धन म्हणाले. "आधीचं परत आणा."

"ते मी अजून वाचतेय."

"आन् वाचणारच व्हय?" तात्या गरजले.

"व्हय."

अफसाना वर्षाराणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अध्यक्ष, नोकरी गेली माझी. सभासद हाय मी अजून. माझं कार्ड मोकळं हाय. माझ्या कार्डावर द्या, मी हिला देते."

राजवर्धननी तात्यांकडं बघितलं, स्टॉपकडं बघितलं. सहा रिक्षावाले हाताची घडी घालून उभे. नकार द्यायला नियम सापडेना. ते आत गेले. कपाटं उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला.

"ते चार हाय, अध्यक्ष," अफसाना बाहेरून म्हणाली. "पाच पलीकडचं."