ट्रकातला खांदा

ओढ्यावरची फरशी पहाटेच पाण्याखाली गेली होती. भरे गावाच्या वरच्या अंगाची ही वाडी ओढ्याच्या अलीकडे आणि स्मशान पलीकडे. भावकी, पाहुणेरावळे सगळे पलीकडच्या काठावर छत्र्या धरून ताटकळले होते. अलीकडे अंगणात भैरूनाना तिरडीवर निजले होते, आणि वाडीत खांदा देण्याजोगे पुरुष चारच उरले होते. मुलगा राजू, जांबे गावाहून कालच आलेला नातू रोहित, शेजारचे किशोर आणि अमोल.

राजूने कासार आंबोलीच्या दिग्विजयला फोन केला. हा मूळचा पुण्याचा माणूस, कासार आंबोलीत बंगला बांधून राहिलेला. लष्कराने लिलावात काढलेला जुना शक्तिमान ट्रक त्याने हौसेने घेतला होता. कुणाची गाडी चिखलात रुतली की तो ओढून काढायचा. बोलावल्याबरोबर आला. ते उंच, हिरवं धूड पाणी कापत अलीकडे चढलं आणि अंगणाशी येऊन थांबलं.

उंबऱ्यात बसलेल्या रत्नाबाईंनी मान वर केली.

"ह्यात न्हाई," त्या म्हणाल्या.

"आई, आता काय झालं?"

"तुज्या बापाला ट्रकात घालून न्यायचं न्हाई. मी सबूद दिलाय."

जाऊ तुळजाबाई शेजारीच होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "ऐका! जल्मभर मिलटरीचा ट्रक हाकला, आन आता म्हनं ट्रक नगं!"

रत्नाबाईंनी ते सांगायचं तरी कसं? भैरूनाना लडाखात असल्याच ट्रकावर होते. चढताना पिठाची पोती, रॉकेलची पिंपं, दारूगोळा न्यायचा. उतरताना बहुतेक रिकामं यायचं, पण नेहमीच नाही. निवृत्त होऊन आल्यावर एकदा ते इंद्रायणी भाताची पोती बैलगाडीवर बांधत होते. गाठ मारता मारता हात थांबला. म्हणाले, "आमच्यातली पोरं अशीच बांधून खाली आनली, रत्ना. न्हाई बांधली तर वळनावर घरंगळायची. एकाचं तर आदल्याच दिशी माझ्या ताटात जेवन झालं व्हतं." मग गाठ आवळून म्हणाले, "मला मातुर मानसांच्या खांद्यावरनं ने." तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

"आई, पानी बघ," राजूचा आवाज चढला. "खांद्यावर घेऊन ह्यात उतरलो, तर आमी चौघंबी नानांच्या संगंच जायचो. आन किती येळ ठेवायचं त्यांना असं?"

दिग्विजय पुढे आला. चपला त्याने बाहेरच काढल्या होत्या. "आजी, मी अगदी सावकाश नेतो. पट्ट्यांनी घट्ट बांधू, जरासुद्धा हलणार नाहीत."

"बांधायचं न्हाई!"

रत्नाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की रडणाऱ्या बायाही गप्प झाल्या. भिंतीला धरून त्या उठल्या, पावसात ट्रकापाशी गेल्या. मागचा फाळका, ताडपत्रीच्या लोखंडी कमानी, सगळं नीट निरखलं.

"हे वरचं कापड काडता येतं का, बाबा?"

"येतं की."

"मग काड. राजू, तुमी चौघं वर उभं ऱ्हावा. त्यांना खांद्यावर घिऊन. पलीकडं जाईस्तवर खाली टेकवायचं न्हाई."

किशोरने आ वासला. "काकी, हिसका बसला तर?"

"कमानीला धरा एका हातानं," दिग्विजय हळूच म्हणाला. "मी सर्वांत खालच्या गिअरमध्ये घेतो."

ताडपत्री उतरली. चौघांनी तिरडी उचलून ट्रकाच्या मागे आणली आणि तिथंच अडले. चौघे वर चढेपर्यंत धरायचं कुणी? दिग्विजय एकटा काय काय धरणार?

आमच्याकडे बाईने खांदा द्यायचा नसतो. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. रत्नाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि राजूच्या खांद्यालगत बांबूखाली आपला खांदा घातला.

"सोड."

"आई, अगं..."

"सोड म्हनते ना! चड वर."

पाठोपाठ तुळजाबाई आल्या. "सर गं, किशोऱ्या. दिरानं लई भांडान केलं माज्याशी, पर वझं कंदी न्हाई टाकलं माज्यावर. आज टाकू दे." किशोरच्या बांबूखाली त्यांनी खांदा घातला. मग किशोरची बायको आली, अमोलची आई आली.

रत्नाबाईंच्या खांद्यावर बांबू रुतला. शेवटच्या महिन्यात नाना किती वाळले होते! रोज अंग पुसताना त्यांना ते दिसत होतं. भार मात्र आज कळला. बायांनी टाचा उंचावल्या, दिग्विजयने मधून रेटा दिला, वरच्या चौघांनी वाकून तिरडी खांद्यावर घेतली. बांबू हातातून सुटताना रत्नाबाईंनी तो क्षणभर धरून ठेवला. मग सोडला.

ट्रक पाण्यात उतरला. पाणी चाकं गिळत वर आलं. मधोमध ट्रक एका अंगाला कलला, तसे पलीकडच्या काठावरचे लोक ओरडले. वर रोहितचा पाय घसरला; त्याने गुडघा टेकला, पण बांबू टेकू दिला नाही. राजूने मोकळ्या हाताने त्याची बखोटी धरून त्याला उभं केलं. इंजिन एकाच सुरात गुरगुरत राहिलं.

पलीकडे ट्रक चढला तेव्हा वीसपंचवीस माणसं धावत आली. फाळका पडायच्या आधीच हात वर झाले होते. तिरडी त्या हातांवरून खाली उतरली आणि दुसऱ्या चार खांद्यांवर गेली.

"दिसलं का गं तुला?" अलीकडच्या काठावर तुळजाबाईंनी विचारलं. "मला काय बाई एवढ्या लांबचं दिसत न्हाई."

"दिसलं," रत्नाबाई म्हणाल्या. "न्हाई टेकवलं कुनी."