अंगठा लागलेली शीट

रबरातून करंट वाहिला. आता हे वाचलंच नाही असं समजा, कारण प्रयोगशाळेनेही तसंच ठरवलं आहे.

तर, रबरातून करंट वाहत नव्हता. रबर मुळातच हट्टी, विजेला दारातूनच परत पाठवतं. त्यात ग्राफीन, म्हणजे कार्बनची अतिबारीक काळी भुकटी मिसळली की करंटला वाट मिळेल, असं इथल्या संशोधक मुलीचं, घरच्या धाकटीचं म्हणणं. पण भुकटीचे कण लग्नातल्या पाहुण्यांसारखे आपापल्याच घोळक्यात बसत. म्हणून तिने कणांवर रसायनाचा लेप चढवला. निदान रबराशी चार शब्द बोलतील.

मिसळायचं काम तिच्या बाबांचं. घरी बाबा, इथे रबराची मिल चालवणारे मिलवाले. दोन रोलरांमधून गरम शीट बाहेर आली की ते मधोमध अंगठा दाबून बघत. खड्डा पडे. खड्डा पडलेली शीट बाद.

"बाबा, अंगठा आवरा."

"मिलवाले म्हण. ऊब बघतोय."

"त्याला थर्मामीटर आहे."

"त्यालाही बघू दे की. मी कुठे अडवलंय?"

शेवटच्या शीटलाही त्यांनी अंगठा लावलाच. ती घरी जाताना वाटभर बोलली नाही. त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले.

कामावर परतल्यावर तिने ती बाद शीट उचलली आणि उगाच मीटर लावला. काटा हलला.

"खड्डा आहे, हिशोबात धरता येणार नाही," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "पुन्हा करून दाखव. नाहीतर हीच ताणून तोडू, निदान ताकदीचा आकडा तरी मिळेल."

तीच भुकटी, तोच लेप, तेच रोलर, मिलवाला नवा. शीट सपाट, देखणी आणि ठार मुकी. शेवटी तिने स्वतःचा अंगठाही दाबून पाहिला. खड्डा पडला, बाकी काही नाही.

"मग तोडायची ना?" बाईंनी हळूच विचारलं.

धाकटीने जुन्या खड्ड्यात अंगठा ठेवला. चहूबाजूंनी जागा उरली.

"थांबा," ती म्हणाली, "रीतसर अर्ज करते."

'सदर नमुना पुन्हा तयार करण्यासाठी मूळ मिलचालकाची उपस्थिती आवश्यक आहे. तरी त्यांना एका पाळीपुरते कामावर रुजू होऊ द्यावे. अंगठ्याबाबत अर्जदाराची आता कोणतीही हरकत नाही. ते हजर होईपर्यंत शीट तोडू नये, ही नम्र विनंती.'