चहा, कडी आणि बद्रीनाथरावांचं यकृत

चहाला नाही म्हटलं की मत गेलं, अशी आमच्या यांची पक्की समजूत. हे म्हणजे बद्रीनाथराव, माझे मालक, तलवाड्याच्या ग्रामपंचायतीचे उमेदवार. उजाडलं की दारोदार कड्या वाजवायच्या आणि प्रत्येक घरी पाकासारखा चहा ढोसायचा. शेवटी चक्कर आली, तेव्हा मी ओढतच गेवराईला नेलं.

धनश्री डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "काका, रक्तात साखर वाढलीय आणि इन्सुलिनही."

"इन्सुलिन हाय ना भरपूर? मग साखर काहून वाढली?"

"इन्सुलिनचा निरोप ऐकायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, कानच म्हणा. तुम्ही दिवसभर गोड पिता, म्हणून इन्सुलिन दिवसभर निरोप घेऊन दारात उभं. पेशी कंटाळून बरेचसे रिसेप्टर आत ओढून घेतात. मग कोण ऐकतंय?"

"मंग आजून जोरात कडी वाजवायची का?"

"उलट, थांबायचं. दोन जेवणांच्या मधे काही घ्यायचं नाही. उसंत मिळाली की रिसेप्टर परत वर येतील."

यांचा चेहरा पडला. "आन् इलेक्शन? चहा न पिता कौशल्याबाईच्या दारातून उठलो, तर अख्खी गल्ली गेली."

"गल्ली जाऊ द्या," मी म्हणाले. "तुमी गेले तर मी कुणाच्या नावानं बोटं मोडू?"

मतदानापर्यंत हे घरीच राहिले. अंगणात येरझाऱ्या घालायचे. तिकडे विरोधातला अभिमन्यू यांच्या वाट्याच्याही कड्या वाजवत सुटला. "पडलो म्हणून समज," हे रोज मला ऐकवायचे.

निकाल लागला. हे निवडून आले!

कौशल्याबाई गुलाल घेऊन आल्या. "अभिमन्यूनं लई उच्छाद मांडलता. शेवटी आमी आतून आवाजच द्यायचो न्हाई. तुमी तेवढं निवांत राहू दिलं, भाऊ."

हे ऐकून माणसानं काही शिकावं की नाही? हे लगेच टोपी घालायला आत गेले. "घरोघर जाऊन आभार मानून येतो!"

मी बाहेरून कडी घातली आणि अंगणात गहू निवडत बसले. हे आतून दार बडवायला लागले. बडवू दे. लग्नापासून यांची बडबड ऐकतेय, आता कुठं ऐकू येतं मला? जेवणाच्या वेळेला उघडीन. तेवढीच त्या यकृताला उसंत.