दोरीच्या पलीकडची पिल्लं

दीराच्या जीपच्या चाकांना लागलेली पांढरी माती दिसली आणि वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

जंगलाच्या फाटकावर तिला सगळेच वहिनी म्हणायचे. तिनं आडवा बांबू उचलल्याशिवाय एक जीप आत जायची नाही. फाटक गावाच्या समितीचं. ड्रायव्हर गावचे, वाटाडे गावचे, आणि पर्यटकांच्या तिकिटांवर गावचा दवाखाना चालायचा. नियमही गावानंच केलेले. मोडला की ड्रायव्हरचा परवान्याचा बिल्ला गेला. मग तो कुणाचा काका-मामा का असेना.

त्यातला एक नियम असा, की जिथं पिल्लं झाली ती वाट बंद. वहिनी स्वतः जाऊन दोन झाडांना लाल दोरी बांधून यायची. नेमकी जागा फक्त तिला आणि समितीच्या आजोबांना ठाऊक. यंदा ओढ्याकाठच्या कपारीत बिबट्याच्या मादीला दोन पिल्लं झाली होती. पण गेल्या आठवड्यात मादी दोनदा पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, घुटमळली आणि परत आत गेली.

"बिथरलीय ती," आजोबा म्हणाले. "कुणीतरी फुटलंय. कोण ते बघ."

वहिनीनं बघायला घेतलं, तर जिथं बघावं तिथं भिंगरी.

भिंगरी म्हणजे हाच धाकटा दीर. दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. तीन वर्षं दुसऱ्यांच्या जीपा धुऊन त्यानं बिल्ला मिळवला होता, आणि तो बिल्ला सदऱ्यावर असा मिरवायचा जसं काही जंगल त्याच्याच नावावर आहे. अलीकडे त्याची जीप रोज उशिरा यायची. आतले पर्यटक तोंडभर हसत असायचे. आणि आता ही माती. अशी माती ओढ्याच्या बाजूलाच होती.

"कुठं गेला होतास?"

"जंगलात. तूच नाही का बांबू उचललास?"

"सरळ बोल."

"सरळच बोलतोय. तू वाकडं ऐकतेस, त्याला मी काय करू?"

"दोरीच्या आत गेलास?"

तो चमकला. मग त्याचं नाक लाल झालं. "तू मला हे विचारतेस? मला?"

नाही म्हणाला नाही. वहिनीनं तेवढंच धरून ठेवलं. चारच्या फेरीला, आठ ड्रायव्हरांच्या देखत, तिनं हात पुढे केला. त्यानं बिल्ला काढला, तिच्या तळहातावर आपटला आणि रिकामी जीप घेऊन घरी गेला. त्या दिवशी घरात फक्त भांडी बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आजोबांबरोबर ओढ्याकडे गेली. दोरी जागच्या जागी होती. आतल्या मातीवर चाकाचा एक ओरखडा नाही. पण समोरच्या टेकडीवर पाच जीपा ओळीनं उभ्या आणि पाचांतून कॅमेऱ्यांची हाताएवढाली भिंगं कपारीवर रोखलेली. भिंगरी तर घरी बसला होता.

ती धापा टाकत वर चढली. टेकडीची माती पांढरीच होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला इथं पिल्लं आहेत?" तिनं पहिल्या जीपमधल्या एका कॅमेरावाल्या बाईंना विचारलं.

"सांगायला कशाला हवं?" बाई म्हणाल्या. "कुठली वाट बंद आहे एवढंच विचारायचं. दोरी दिसली की समोरचा उंचवटा गाठायचा. सगळे तसंच करतात."

त्यांच्या वाटाड्यानं मान खाली घातली. "वहिनी, टेकडी कुठं बंद आहे? आम्ही आपले नियमातच आहोत."

खाली ती दोरी लालभडक दिसत होती. अर्ध्या कोसावरूनही दिसली असती.

आजोबांनी पाचही जीपा खाली काढल्या. वहिनी तडक घरी गेली. भिंगरी अंगणात जीपखाली आडवा होता. तिनं बिल्ला चाकाजवळ जमिनीवर ठेवला.

"दोरीच्या आत नव्हता गेलास. टेकडीवर होतास."

"होतो. सगळ्यांसारखाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारत नव्हतीस, वहिनी. तू ठरवून आली होतीस." खालून नुसता हात बाहेर आला, बिल्ला चाचपला आणि परत तिच्याकडे सरकवला. "सगळ्यांसमोर काढलास ना? तिथंच दे."

त्या दुपारी मादीनं पिल्लं दुसऱ्या वाटेवर हलवल्याचं फक्त आजोबांनी आणि वहिनीनं पाहिलं. खरी वाट कळू नये म्हणून संध्याकाळपर्यंत वहिनीनं आणखी पाच वाटांना तसल्याच दोऱ्या बांधल्या आणि टेकडीचा रस्ता दगड लावून अडवला. सकाळी फाटकावर ड्रायव्हरांनी नुसता गलका केला. "सगळंच बंद, मग पर्यटकांना काय तुझा चेहरा दाखवायचा?"

"दाखवा. फुकट आहे," ती म्हणाली. मग भिंगरीपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "चूक माझी झाली. हा आत गेला नव्हता."

तिनं बिल्ला त्याच्या सदऱ्यावर लावला. तो समोर कुठंतरी बघत राहिला. सहांतली खरी वाट कुठली, हे त्यानं विचारलं नाही.

विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण बांबू वर गेल्यावर तो तिच्याकडे न बघताच जीप घेऊन आत गेला.